कॅन्सर कसा पसरतो आणि एनके (नैसर्गिक मारक) पेशी त्याला कुठे अडवतात, हे घरच्यांना कसं समजावायचं

मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात राहते आणि कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. पुस्तक इंग्रजीत आणि मुलं घरी वऱ्हाडी बोलणारी, त्यामुळे अवघड गोष्ट सोपी करून सांगता येते असा माझा समज होता. मग माझ्या मोठ्या दिरांच्या, भाऊजींच्या, गालातली खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, जखम कॅन्सरची निघाली. डॉक्टर म्हणाले, मानेतल्या गाठीही काढाव्या लागतील. त्या संध्याकाळी जाऊबाईंनी मला विचारलं, "गालाले झालं ना, मंग मान काहून कापतेत?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. मेटास्टॅसिस, लिम्फ नोड, इम्यून सर्व्हेलन्स. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. दोन दिवसांनी एक माणूस घरी आला, "शरीरातल्या किलर सेल वाढवणारी" पावडर ४,५०० रुपयांना देऊन गेला आणि जाताना सांगून गेला, आधी ताकद येऊ द्या, मग ऑपरेशन करा. त्याचं बोलणं जाऊबाईंना समजलं. माझं समजलं नव्हतं. ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं.

त्यानंतर मी समजावण्याची एक रीत बसवली. आधी आमच्या ओसरीवर, मग शेजारच्या दोन घरी, मग वर्गात ती वापरून पाहिली. घरात पेशंट असलेल्यांना, आशाताईंना, किंवा "तू शिकलेली आहेस, तू सांग" असं जिला सगळे म्हणतात त्या पोरीला ती उपयोगी पडेल. एका बैठकीत सगळं सांगू नका, दोन-तीन संध्याकाळी लागतात.

आधी पसरणं दाखवा

"पेशी" हा शब्द काढण्याआधी रुईचं वाळलेलं फळ आणा. धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला कुठेही मिळतं. ते फोडून फुंकर मारा, म्हाताऱ्या अंगणभर उडतील. मग विचारा, यातल्या किती उगवतील? जाऊबाई लगेच म्हणाल्या, "एखादी. जागा पाह्यजे ना तिले."

कॅन्सर असाच पसरतो. मूळ गाठीतून पेशी सुटतात, रक्तातून किंवा अंगातला पाझर वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून पुढे जातात आणि दुसरीकडे रुजू पाहतात. स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी तपासून हेच मांडलं होतं की बी सगळीकडे जातं, पण रुजतं ते मानवणाऱ्या मातीतच. १९७० मध्ये फिडलर नावाच्या शास्त्रज्ञांनी खूण केलेल्या कॅन्सरपेशी उंदरांच्या रक्तात सोडून मोजल्या. एक दिवस उलटल्यावर हजारात जेमतेम एक जिवंत उरली होती.

मानेचा प्रश्न इथेच सुटतो. गालातला पाझर मानेतल्या गाठींमधून, म्हणजे सगळ्यांनाच असणाऱ्या लसिका ग्रंथींमधून, गाळून पुढे जातो. सुटलेल्या पेशी बहुधा तिथेच पहिल्यांदा अडकतात, म्हणून सर्जन मान उघडून त्या गाठी काढतात आणि तपासायला पाठवतात. हे सांगितल्यावर जाऊबाईंचा चेहरा बदललेला मी पाहिला. पहिल्या दिवशी मी एवढंच सांगायला हवं होतं.

मग पुढचा प्रश्न टाका आणि गप्प बसा. हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव गेल्या कुठे? काही रक्ताच्या धक्क्यांनी फुटल्या. काही आधार सुटला म्हणून मेल्या, कारण आपल्या बहुतेक पेशींना शेजार लागतो. आणि पुष्कळशा मारल्या गेल्या. मारणाऱ्यांमध्ये एनके पेशी, म्हणजे नॅचरल किलर, आपल्या भाषेत नैसर्गिक मारक पेशी, फार महत्त्वाच्या आहेत.

सातबारा आणि फाटक

लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तात असतात, त्यांतल्या शंभरात साधारण ५ ते १५ एनके असतात. १९७५ च्या सुमारास स्वीडनमध्ये रॉल्फ किसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ओळखल्या आणि त्यांना हे नाव दिलं. त्याच वेळी अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांनाही त्या दिसल्या. आश्चर्य याचं होतं की कोणतीही आधीची ओळख नसताना, लस न टोचता, या पेशी कॅन्सरच्या पेशीला मारत होत्या.

शत्रू त्या ओळखतात कशा, हा या विषयाचा गाभा आहे, इथे घाई करू नका. आमच्याकडे हे कापसाच्या गाडीवरून समजतं. सरकारी खरेदी केंद्रावर कापूस न्यायचा तर सातबारा लागतो आणि त्यावर पीकपेरा लागतो. समजा फाटकावरचा माणूस एवढंच बघतो की सातबारा आहे की नाही, आणि आतला बाबू त्यावर काय लिहिलंय ते वाचतो. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर असा एक सातबारा असतो. शास्त्रात त्याला एमएचसी वर्ग १ म्हणतात. टी पेशी म्हणजे आतला बाबू. तो मजकूर वाचतो, आणि पेशीत काही विपरीत घडत असेल तर ते त्या मजकुरात उतरतं. आता कॅन्सरची पेशी काय करते? बाबूने वाचू नये म्हणून ती पुष्कळदा सातबाराच लपवते. बाबूला वाचायला काहीच मिळत नाही. पण सातबारा दिसला नाही की फाटकावरचा माणूस गाडी अडवतो. हा फाटकावरचा माणूस म्हणजे एनके पेशी. क्लास कारे या स्वीडिश शास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली आणि १९८६ मध्ये सहकाऱ्यांसोबत प्रयोगाने दाखवली. "आपलेपणाची खूण नसणं" हाच तिथे गुन्हा ठरतो.

वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तांबड्या पेशींजवळ तर एमएचसी नसते. मग एनके त्यांना काहून मारत नाही?" मला तो प्रश्न इतका आवडला की तेव्हापासून मी तो स्वतःच विचारते. उत्तर असं की सातबारा नसणं एवढंच पुरेसं नाही. संशय यावा असं काहीतरी दिसायलाही लागतं. फाटकावरून एखादा माणूस सायकलवर रिकामा डबा घेऊन गेला तर त्याला कोण सातबारा मागतो? उलट कापसाच्या गाडीतून धूर निघत असेल तर सातबारा असूनही ती थांबवलीच जाईल. बिघडलेली, ताणाखाली आलेली पेशी असा धूर सोडते, म्हणजे मायका आणि तिच्यासारखी प्रथिनं अंगावर उभी करते. एनके पेशीवर एनकेजी२डी नावाचा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे खूण पकडणारा हात, असतो, तो ही प्रथिनं पकडतो. "थांब" सांगणाऱ्या आणि "मार" सांगणाऱ्या खुणांचं वजन एनके सतत करत असते. पारडं "मार" कडे झुकलं की ती कामाला लागते.

मारण्याची तऱ्हा साध्या शब्दांत सांगा. एनके पेशी शत्रूला चिकटते, आपल्या पोटातल्या पिशव्या त्या बाजूला सरकवते आणि रिकाम्या करते. त्या पिशव्यांतलं परफोरिन नावाचं प्रथिन शत्रूच्या कातडीला भोकं पाडतं, त्या वाटेने ग्रँझाइम नावाची दुसरी प्रथिनं आत शिरतात आणि पेशीला आतून मरायला लावतात. मग ती सुटून दुसऱ्या पेशीकडे जाते. शिवाय इंटरफेरॉन गॅमा नावाचं निरोपाचं द्रव्य सोडून इतर पेशींनाही बोलावते.

जागल कुठे कामी येते

पावडरवाल्याचं बोलणं खोटं ठरतं ते या भागात, म्हणून हा भाग नीट सांगा. हरभरा घाटीत आला की आमच्याकडे रात्रभर जागल असते. डुक्कर धुऱ्यावर एकटं असतं तोवर बॅटरी आणि डब्याच्या आवाजाने काम भागतं. कळप वावरात शिरून लोळायला लागला की एकट्या माणसाने काय करायचं?

एनके पेशींचं तसंच आहे. उंदरांमधून त्या काढून टाकल्या की फुप्फुसात कितीतरी जास्त गाठी रुजतात, हे अनेक प्रयोगशाळांनी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणजे सुटून वाटेत असलेल्या आणि नुकत्याच टेकलेल्या पेशींवर त्यांचा जोर चालतो. पण वाढून बसलेल्या मोठ्या गाठीत त्या कमीच सापडतात, आणि ज्या सापडतात त्याही थकलेल्या असतात. गाठ टीजीएफ-बीटा नावाचं द्रव्य सोडते, त्याने त्यांचे ग्राहक मिटतात आणि धार जाते. म्हणून "आधी किलर सेल वाढवा, गाठ आपोआप जिरेल" हे उलटं आहे. गाठ सर्जननेच काढायची असते. जागल असते ती सुटलेल्यांसाठी.

वाटेतल्या पेशीसुद्धा गप्प बसत नाहीत. प्लेटलेट हा शब्द डेंग्यूमुळे गावात सगळ्यांना माहीत आहे, तिथून सुरुवात करा. रक्तात सुटलेली कॅन्सरपेशी प्लेटलेट अंगाभोवती गोळा करते, जसं एखाद्याने घोंगडं पांघरावं. घोंगड्याखाली ती एनकेला दिसत नाही. वर प्लेटलेट तिला स्वतःकडची एमएचसी देतात, म्हणजे उसना सातबारा मिळतो, आणि टीजीएफ-बीटाही सोडतात. दुसरी युक्ती घोळक्याची. पेशी झुबक्याने सुटल्या तर एकटीदुकटीपेक्षा रुजण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. तिसरी धुराची. कॅन्सरपेशी मायकासारखी प्रथिनं अंगावरून तोडून रक्तात सोडून देते. सगळीकडे धूरच धूर झाला की फाटकावरचा माणूस त्याला सरावतो. एवढ्या तीन पुरेत. आणखीही आहेत, पण ओसरीवर त्यांची गरज नाही.

"चाकू लागला का पसरते"

हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेलच. भाऊजींच्या चुलत्यांनी भर अंगणात म्हटलं होतं. त्याला हसू नका आणि "अंधश्रद्धा" असा शिक्काही मारू नका. त्यात एक कण खरा आहे, तो तुम्ही लपवला आणि नंतर मोबाईलवर त्यांना सापडला, तर तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचा विश्वास जाईल.

खरं असं आहे. मोठं ऑपरेशन झालं की ताणाची संप्रेरकं वाढतात आणि एनके पेशींची मारकशक्ती काही दिवस उतरते. हे माणसांमध्ये मोजलेलं आहे. त्या दिवसांत काही औषधं देऊन हा उतार कमी करता येईल का, यावर काम चालू आहे.

आता तराजूचं दुसरं पारडं भरा, आणि ते हळूहळू भरा. गाठ आत ठेवली तर तिच्यातून पेशी रोज सुटत राहतात. गाठीच्या आतली जागल तर आधीच निकामी झालेली असते. एका बाजूला काही दिवसांचा उतार आणि दुसऱ्या बाजूला महिनोन्महिने उडत राहणाऱ्या म्हाताऱ्या. मी चुलत्यांना विचारलं, "काका, रुईचं झाड बांधावर ठेवून म्हाताऱ्या वेचत बसाल, का झाड खोदून काढाल?" ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ठरवायला तेच गेले.

"सुई टोचली का पसरते" हे तुकडा तपासण्याबद्दल म्हणतात. तुकड्याशिवाय कोणता कॅन्सर आहे हेच कळत नाही, आणि ते न कळता उपचार देता येत नाही. एवढं सांगून पुढे जा.

पावडर दारात आली तर

आधी हे समजून घ्या की विकणाऱ्याच्या तोंडी अर्धं सत्य असतं. जपानमध्ये सैतामा इथल्या ३,६२५ लोकांच्या रक्ताची मारकशक्ती मोजून त्यांना ११ वर्षं पाहिलं गेलं. ती शक्ती कमी असलेल्यांना पुढे कॅन्सर जास्त झाला. हे संशोधन २००० मध्ये छापून आलं. त्यातून एवढंच कळतं की दोन गोष्टी सोबत दिसल्या. पावडर खाऊन शक्ती वाढते, आणि ती वाढली की सुटलेल्या पेशी थांबतात, हे त्यातून निघत नाही. विकणाऱ्याला शांतपणे विचारा: ही पावडर खाल्लेल्या माणसांमध्ये कॅन्सर कमी पसरला, हे कुठे पाहिलं? उंदरांत नाही, प्रयोगशाळेतल्या बशीत नाही, माणसांत. आणि ऑपरेशन थांबवायला तुम्ही का सांगता? दुसऱ्या प्रश्नावर आमच्याकडे आलेला माणूस पुन्हा दिसला नाही, पण तोवर आम्हाला उशीर झाला होता.

कुणी एनके पेशींची रक्ततपासणी करा म्हणालं, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे घालवू नका. आकडा कमी आला किंवा जास्त आला, तोंडाच्या कॅन्सरचे उपचार त्यावर ठरत नाहीत.

एक गोष्ट मी फार जोराने सांगते. "तुमची प्रतिकारशक्ती कमी, म्हणून झालं" असं पेशंटला कुणी म्हणू नये. भाऊजी महिनाभर मान खाली घालून बसले होते, आपल्याच अंगात काही कमी आहे असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. गालातल्या पेशींचे जनुक बिघडवले ते तंबाखू आणि सुपारीने. तेवढंच सांगायचं, आणि खर्रा कायमचा सोडायला मदत करायची, कारण तो चालू राहिला तर त्याच तोंडात दुसरा कॅन्सर होण्याची भीती असते.

झोपेबद्दल विचारतात. एका रात्रीची झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी एनके पेशींची मारकशक्ती कमी भरते, असं मोजलं गेलं आहे. म्हणून झोप हे कॅन्सरचं औषध होत नाही. पण मी हे सांगून घरातल्या माणसांना कामं वाटून देते. त्या वर्षी आमच्या हरभऱ्याची जागल माझ्या नवऱ्याने आणि पुतण्याने केली, भाऊजींना वावरात जाऊ दिलं नाही.

औषधांशी सांगड

शेजारच्या एका ताईंना स्तनाचा कॅन्सर होता, हर-टू प्रकारचा. त्यांना ट्रास्टुझुमॅबची सलाईन लागायची. एनके पेशी कळल्या की हे औषध कसं चालतं तेही सांगता येतं. त्या औषधाचं एक टोक कॅन्सरपेशीला चिकटतं, वाढीचा निरोपही अडवतं. दुसरं टोक मोकळं राहतं आणि एनके पेशी ते सीडी१६ नावाच्या हाताने पकडते. म्हणजे उसना सातबारा घेऊन निघालेल्या गाडीवर बाहेरून पाटी लावल्यासारखं झालं. मान आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये वापरलं जाणारं सेटुक्सिमॅबही काही अंशी याच वाटेने काम करतं. ताई पुढच्या सलाईनला गेल्या तेव्हा त्यांनी नर्सला हे समजावून सांगितलं, असं त्या मला आनंदाने सांगत होत्या.

एनके पेशीच औषध म्हणून देण्याचेही प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रात नाळेच्या रक्तातल्या एनके पेशी बदलून ११ पेशंटना दिल्या, त्यातल्या ८ जणांना गुण आला, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. ते सगळे पेशंट रक्ताच्या आणि लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचे होते. गाल, स्तन, फुप्फुस यांच्या गाठींवर हे अजून चाचण्यांमध्येच आहे. तालुक्याच्या गावात कुणी "एनके सेल थेरपी" देतो म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा.

झोपलेलं बी

शेवटच्या बैठकीत हे सांगा, आधी नको, कारण ऑपरेशन होण्याआधी ऐकलं तर माणूस घाबरतो. काही सुटलेल्या पेशी मरत नाहीत आणि वाढतही नाहीत. त्या वाढ थांबवून, धुराच्या खुणा उतरवून गप्प पडून राहतात, त्यामुळे एनकेच्या नजरेत येत नाहीत. जागी होऊन वाढायला लागलेली पेशी पुन्हा दिसते आणि बहुधा मारली जाते. यकृतात झोपलेल्या स्तनकॅन्सरच्या पेशींवर एनके पेशी असाच पहारा ठेवतात, हे उंदरांमध्ये २०२१ मध्ये दाखवलं गेलं. तिथल्या आधारपेशी चेतवल्या गेल्या आणि एनके मंदावल्या की झोपलेल्या पेशी उठल्या. गवताचं बी जमिनीत वर्षानुवर्षं दबून राहतं आणि एखाद्या पावसात उगवतं, हे कास्तकाराला मुद्दाम सांगावं लागत नाही.

म्हणूनच उपचार संपल्यावरही तपासणीच्या तारखा चुकवायच्या नसतात. दुखत नाही, जखम भरली, कापूस वेचायला माणसं नाहीत, एसटी नाही, ही सगळी कारणं मी ऐकली आहेत. तारीख मिळाली त्याच दिवशी गाडीभाड्याचे पैसे बाजूला काढून ठेवा. एका वहीत लिहा: मानेतल्या किती गाठी काढल्या, त्यातल्या कितींमध्ये कॅन्सर सापडला, शेक (रेडिएशन) दिले का, पुढची तारीख कधी. गळ्याला नवी गाठ हाताला लागली, तोंड उघडायला त्रास व्हायला लागला किंवा गालात नवी जखम दिसली, तर तारखेची वाट बघू नका.

आमच्या घरी ती वही जाऊबाई लिहितात. भाऊजींच्या पुढच्या तारखेला पोळा दोन दिवसांवर असेल. बैलांच्या झुली आणि मटाट्या आणायला तालुक्याला जायचंच आहे, तर आधी दवाखाना, मग बाजार, असं त्यांनी त्याच पानावर लिहून ठेवलंय.